आपला, मळ्यातला

मी आयुष्यात एकच शब्द चालू केला. तो दीड-दोन वर्षं चालला, तेवढ्यात त्याचे पाच-सहा अर्थ झाले, आणि त्यातल्या एकावरही माझा ताबा राहिला नाही. हे सांगितलं की लोक हसतात. पूर्वी मीही हसायचे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नागपूरहून बेंगळूरला नोकरीला आले होते. ऑफिस इलेक्ट्रॉनिक सिटीत होतं आणि आमचं काम होतं जुन्या प्रोग्रॅममधल्या तारखा शोधण्याचं. जुन्या लोकांनी जागा वाचवायला सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहून ठेवले होते, त्यामुळे दोन हजार साल उजाडलं की यंत्रं गोंधळतील अशी जगभर धास्ती होती. त्या धास्तीवर आमची पोटं चालत होती. दिवसभर हजारो ओळींतून ठरावीक अक्षरं हुडकायची आणि सापडली की बाजूला काढायची. मी त्यात तरबेज होते आणि मला त्याचा माज होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या माजातून झालं.

राहायला कोरमंगलात एका घराच्या वरच्या मजल्यावर खोली मिळाली होती. खाली घरमालक एकटेच राहायचे. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची, तशी मीही म्हणू लागले. ते मूळचे चिकोडीकडचे. घरात मराठी, शाळा कानडी. सरकारी छापखान्यात कानडी मजकुराची मुद्रितं तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. निवृत्तीनंतरही खिशात लाल पेन्सिल असायची आणि किराणा बांधून आलेल्या कागदावरच्या चुकाही ते दुरुस्त करायचे.

बायको वारलेली. एकुलती एक मुलगी अमेरिकेत. तिनं यांना न विचारता लग्न केलं, म्हणून तिकडून आलेली तिची पहिली दोन पत्रं यांनी न फोडता परत पाठवली होती. पाकिटावर लाल पेन्सिलीनं ‘परत’ एवढंच लिहून. तिसरं पत्र आलंच नाही. पुढे राग विरला, पण तोवर पत्ता हातातून गेला होता. नातेवाइकांनी तर तिचं नावच टाकलं होतं. हे सगळं त्यांनी मला एका शनिवारी सकाळी पेरू कापता कापता सांगितलं. परसात त्यांचं पेरूचं झाड होतं, आतून लाल निघणाऱ्या पेरूचं. सांगून झाल्यावर म्हणाले, “दोन पाकिटं हातात आलती पोरी. वजनदार होती. मोठी पत्रं असणार.” मी पेरू खात राहिले.

ऑफिसात मला इंटरनेटची मेल होती आणि त्यावर मराठी मंडळींची एक यादी होती. त्या यादीच्या पत्त्यावर एकानं काही पाठवलं की ते सगळ्यांना जायचं. बहुतेक जण अमेरिकेत शिकणारे किंवा नोकरीला गेलेले, काही पुण्या-मुंबईचे, आणि आम्ही चार-दोन बेंगळूरचे. मराठी लिहायची सोय नव्हती म्हणून सगळे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे. पाककृतींपासून सुरुवात होऊन प्रत्येक चर्चा राजकारणावर जायची. दिल्लीत सरकारं येत होती, पडत होती, आणि त्याचा कंटाळा आला की सीमाभागाचा प्रश्न होताच.

एकदा त्यातला एक विनोद दाखवायला मी कागद छापून घरी आणला. ऑफिसचा तो कर्कश प्रिंटर, दोन्ही कडांना भोकांच्या पट्ट्या असलेला लांबलचक कागद. अण्णांनी आधी त्या पट्ट्या नीट फाडून काढल्या, घडी करून ठेवल्या, मग चष्मा लावून वाचायला घेतलं. “हे मराठी व्हय गं?” त्यांनी विचारलं. इंग्रजी अक्षरांतून मराठी बाहेर काढायला त्यांना वेळ लागला, पण पान संपेपर्यंत जमलं. तोवर लाल खुणांनी पान भरलं होतं.

“हे वाचतंय कोण कोण?”

“शंभर-दोनशे लोक तरी असतील.”

“अमेरिकेतले?”

“बरेचसे तिकडचेच.”

सोमवारी सकाळी माझ्या जिन्याच्या पायरीवर घडी केलेला कागद होता आणि तो उडू नये म्हणून वर एक पेरू ठेवलेला होता.

त्या आठवड्यात यादीवर एक जण हिरिरीनं लिहीत होता की कर्नाटकातल्या मराठी माणसांनी एकदाचं सांगून टाकावं, ते कुठल्या बाजूचे. अण्णांनी त्याला उत्तर लिहिलं होतं. मी जन्मभर कानडीतल्या चुका काढल्या, असं त्यात होतं, आणि घरी येऊन बायकोशी मराठीत भांडलो. दोन्ही भाषांनी मला जेवू घातलं. तुम्ही दुरून ओरडता म्हणून मी आता कुठं उडी मारू? शेवटी परसातल्या पेरूबद्दल दोन ओळी होत्या, ज्यांचा सीमाभागाशी काही संबंध नव्हता. त्या कुणासाठी होत्या ते मला कळलं. मी त्या गाळल्या नाहीत.

जेवणाच्या सुट्टीत मी ते पत्र टाइप केलं आणि वर स्वतःच्या चार ओळी जोडल्या. तळ्यात-मळ्यात खेळताना एखादा गडी असा असतो, की ओरडणारा काहीही ओरडो, तो आपला मळ्यातून हलत नाही. तो खेळातून बाद होतो, पण त्याला त्याचं काही वाटत नाही. हे गृहस्थ तसे आहेत, मळ्यातले. एवढंच मी लिहिलं आणि पाठवून दिलं.

शब्द लागला. दोन दिवसांत दहा जणांनी आपणही मळ्यातले असल्याचं जाहीर केलं. कुठल्याच पक्षाची आरती न ओवाळणारा, स्वतःच्या डोक्यानं चालणारा, असा त्याचा अर्थ झाला. अण्णांना मी ते कागद नेऊन दिले तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचले. मग नीट घडी करून जपून ठेवले. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक पत्राखाली एकच सही असायची. आपला, मळ्यातला. कोरमंगला, बेंगळूर.

दर शुक्रवारी मी आठवड्याची मेल छापून आणायची, शनिवारी ते वाचायचे, रविवारी लिहायचे, सोमवारी मी टाइप करायची. पत्रात वरती राजकारण आणि शेवटी घर. पाळण्याची कडी अजून छताला आहे, वीज गेली की तिला कंदील अडकवतो. शेजारच्यांनी विहीर बुजवली. परसदाराची कडी अजून तशीच कुरकुरते, तेल घालवत नाही. यादीवरच्या लोकांना वाटायचं, म्हातारबुवा भरकटतात. अण्णा मला शनिवारी विचारायचे, “कुणी काय विचारलं काय? घराबद्दल?” मी नाही म्हटलं की म्हणायचे, “सरी सरी, बरं बरं. स्वल्प वेळ लागतोच.”

मग निवडणूक आली आणि माझ्या शब्दाचे हाल सुरू झाले. कुणीतरी लिहिलं की मळ्यातून न हलणाऱ्यांना मळ्यातली फळं हवी असतात, म्हणून ते हलत नाहीत. झालं. मळ्यातला म्हणजे सत्तेला चिकटलेला. आठवड्याभरात दुसऱ्या बाजूनं तोच शब्द उचलला आणि पाण्यात उतरायला घाबरणारा, लढाईच्या वेळी कोरडा राहणारा, असा त्याचा अर्थ लावला. ह्यूस्टनचा एक जण कानडीपुढे मान तुकवलेल्या मराठी माणसाला मळ्यातला म्हणू लागला. आणि इथलाच, इंदिरानगरात राहणारा एक जण, वर्षानुवर्षं बेंगळूरला राहून कानडीचा एक शब्द न शिकणाऱ्या हेकट मराठी माणसाला मळ्यातला म्हणू लागला. म्हणजे अण्णांना एक जण ज्या गोष्टीसाठी शिव्या देत होता, त्याच्या बरोबर उलट गोष्टीसाठी दुसरा देत होता, आणि शिवी एकच होती. ते दोघे एकमेकांनाही मळ्यातला म्हणायचे. नव्यानं यादीत आलेल्यांना तर हे कुठून सुरू झालं ते ठाऊकच नव्हतं. त्यांना एवढंच कळत होतं की हा शब्द फेकून मारायचा असतो.

मी एकदा मूळ अर्थ समजावून सांगायला गेले. एकानं मला उत्तर दिलं की हे असं समजावणं म्हणजेच खरा मळ्यातलेपणा. त्यानंतर मी तोंड बंद केलं. माझा संताप झाला होता, आणि रडूही येत होतं, कारण या सगळ्यात दर सोमवारी अण्णांचं पत्र जात होतं आणि त्याखाली त्यांनी आपल्या हातानं तोच शब्द लिहिलेला असायचा. लोकांना वाटायचं, म्हातारा मुद्दाम डिवचतो. लोकांनी अण्णांना जे लिहिलं ते मी इथे लिहिणार नाही.

अण्णांना सांगायला हवं होतं. छापखान्यात आयुष्य काढलेला माणूस तो, शब्दांचं काय होतं ते माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळत होतं. पण शनिवारी चष्मा पुसत ते माझ्याकडून कागद घ्यायचे तेव्हा माझा धीर व्हायचा नाही. आणि माझ्याजवळ त्याहून सोपा उपाय होता. ऑफिसात मी तारखा हुडकायला वापरत होते, तसाच एक छोटा प्रोग्रॅम मी लिहिला. ज्या मेलमध्ये ‘मळ्यातला’ हा शब्द आला असेल, ती मेल छपाईतून वगळायची आणि एका वेगळ्या फाइलमध्ये टाकायची. पुसायची नाही, कारण काहीही पुसायचं नाही ही आमच्या कामातली शिस्त होती. लोक तो शब्द इंग्रजी अक्षरांत नाना तऱ्हांनी लिहायचे, मळ्यातली, मळ्यातले, मळ्यातल्यांचं असंही लिहायचे. मी सगळे प्रकार पकडले. एकही सुटला नाही. फक्त अण्णांची स्वतःची पत्रं तेवढी गाळायची नाहीत, अशी मी त्यात सूट ठेवली.

त्यानंतरचे शनिवार शांततेत गेले. मी स्वतःही यादी वाचणं सोडून दिलं. काम वाढलं होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याच शब्दाची मला शिसारी आली होती. शुक्रवारी प्रोग्रॅम आपोआप चालायचा, कागद बाहेर यायचे, मी ते पिशवीत घालून कंपनीच्या बसमध्ये बसायची. अण्णांच्या वाट्याला पाककृती यायच्या, व्हिसाच्या अडचणी यायच्या, कुणाच्या बाळाच्या बारशाची हकीकत यायची. कागदाच्या कडांच्या पट्ट्या ते अजून फाडून ठेवायचे. परसातला घेवड्याचा वेल त्यांनी त्या पट्ट्यांनीच मांडवाला बांधला होता.

एकदा त्यांनी विचारलं, “तो शब्द आता कुणी वापरंना झालंय काय? मळ्यातला?”

“जुना झाला अण्णा. असे शब्द टिकत नाहीत.”

“चांगला होता,” ते म्हणाले. “माझ्यापुरता ठेवतो मी.”

तेव्हा मला वाटलं, आपण त्यांना वाचवलं. असं वाटल्याचं आठवलं की आजही कान गरम होतात.

ते आणखी बरेच आठवडे लिहीत राहिले. मग पत्रं आखूड होऊ लागली. वरचं राजकारण गेलं, घराच्या चार ओळी राहिल्या. एका सोमवारी पायरीवर कागद नव्हता. संध्याकाळी मी विचारलं तेव्हा ते वेलाला पाणी घालत होते.

“बास झालं आता,” ते म्हणाले. “एवढं लिवलं. ती वाचत असती तर एवढ्यात एक ओळ तरी आली असती. ती वाचत नाही. नाहीतर वाचून गप्प बसते. तिचं तरी काय चुकलं? मी तेच केलं होतं.”

मी म्हटलं, लिहा अण्णा, कधीतरी येईल. ते हसले आणि झारी खाली ठेवून आत गेले. त्या शनिवारी मी कागद नेऊन दिले तेव्हा त्यांनी पट्ट्या फाडून घेतल्या आणि मजकूर तसाच परत दिला.

चार महिन्यांनी ते गेले. सकाळी दूधवाल्यानं बराच वेळ हाका मारल्या म्हणून मी खाली आले, तर खुर्चीतच होते. चिकोडीहून पुतण्या आला, त्यानं सगळं केलं. दहाव्याला तो मला म्हणाला, “मुलीला कळवायला पाहिजे अक्का. आमच्यात कुणाकडंच पत्ता नाही. तुम्ही त्या इंटरनेटवाल्या, तुम्हाला काय हुडकता येतंय का बघा की.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून मी विचार केला, ती यादीवर असेल तर कधीतरी काहीतरी लिहिलं असेल. नाव मला माहीत होतं, पण त्या नावानं काही सापडलं नाही. मग वाटलं, तिनं घरातलं काही लिहिलं असेल तर. मी दोन वर्षांच्या सगळ्या मेलमधून ‘पेरू’ शोधायला लावलं, आणि शोधताना त्या गाळलेल्या फाइलचाही समावेश केला. आमच्या कामात असंच करतात, काही सोडायचं नसतं. एक मिनिटही लागलं नाही.

“मळ्यातल्यांस. परसातला पेरू अजून आतून लालच निघतो का? आणि अजून मीठ न लावताच खाता का? मळ्यातलीच.”

ही मेल मी प्रोग्रॅम लिहिला त्याच्या पुढच्याच आठवड्यातली होती. मी त्या पत्त्यावरून आलेलं सगळं काढलं. महिन्याभरानंतरची दुसरी होती. “मळ्यातल्यांस. या शब्दाचं इथे लोक काय काय करताहेत ते रोज वाचते आहे. मला तो फक्त तुमच्याकडून हवा आहे. एक ओळ लिहा.” त्याखाली दोघा-तिघांनी तिची टिंगल केली होती, ही आणखी एक मळ्यातली आली म्हणून. तीही त्याच फाइलमध्ये होती. आणि मग तिसरी. “मळ्यातल्यांस. दर आठवड्याला तुमचं पत्र येतं आणि त्यात मला उत्तर नसतं. समजलं. आता विचारणार नाही.”

ती मेल आली त्यानंतर अण्णांनी आणखी सहा पत्रं लिहिली होती. त्यातलं प्रत्येक अक्षर तिच्यासाठीच होतं. मीच टाइप केली होती ती.

शेजारच्या टेबलावरची मुलगी मला विचारत होती काय झालं म्हणून. माझ्या प्रोग्रॅमला शब्द ओळखता येत होता, तो कोण कुणाला म्हणतंय हे ओळखता येत नव्हतं, आणि मी ते विचारलंही नव्हतं. जी फाइल मी शिव्यांसाठी ठेवली होती, तिच्यात अण्णांची मुलगी त्यांची वाट बघत बसली होती.

मी तिला त्याच दिवशी कळवलं, ते गेल्याचं. बाकीचं मेलमध्ये लिहिता आलं नाही. ती दीड महिन्यानं आली. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, अण्णांसारखीच उंच, चष्माही तसाच. परसदाराची कडी कुरकुरली तेव्हा ती थबकली आणि दोन-तीनदा ती कडी लावून-काढून बघत राहिली. मग आम्ही व्हरांड्यात बसलो आणि मी तिला सगळं सांगितलं. शब्द मी काढला इथपासून. प्रोग्रॅमचं सांगितलं, फाइलचं सांगितलं. अण्णांनी हाताने लिहिलेली सगळी पत्रं माझ्याजवळ होती, ती तिच्यासमोर ठेवली.

तिनं मला अडवलं नाही. झाल्यावर विचारलं, “म्हणजे लोक काय म्हणत होते ते त्यांना कळलंच नाही?”

“नाही. त्यांना शेवटपर्यंत तो चांगलाच शब्द वाटत होता.”

“आणि मी लिहिलं होतं, ते?”

“तेही नाही.”

तिनं पत्रं वाचायला घेतली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकेक. ऊन व्हरांड्यातून सरकून पायऱ्यांवर गेलं. मी माफी मागितली. तिनं ती ऐकून घेतली की नाही मला कळलं नाही. शेवटचं पत्र वाचून झाल्यावर तिनं खालच्या सहीवरून बोट फिरवलं. आवाज चढला नव्हता, दोषही देत नव्हती, नुसतं सांगत होती.

“माझी पत्रं ते परत पाठवायचे ना,” ती म्हणाली, “तेव्हा पाकिटावर निदान त्यांचं अक्षर तरी असायचं.”